रेहानाच्या बोटातलं रक्त

ही गोष्ट मी माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगितलेली नाही – आणि माझ्या पोटात काही राहत नाही, अशी माझी सासरी ख्याती आहे. तुम्हाला का सांगतेय? कुणास ठाऊक. आज वर्गात पोरांची बोटं टोचली, त्यामुळे असेल.

मी परंड्याला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. रक्तगटाच्या प्रॅक्टिकलला पोरं पांढरीफटक पडतात. मग मी हसून म्हणते, ‘‘अरे, मुंगी चावल्यासारखं होतं, बास!’’ पोरांना वाटतं, मॅडम लई धीट. धीट? मी?

मी ईट गावची. बारावीला तालुक्याच्या कॉलेजात जायचे एसटीनं. शेजारी कायम रेहाना. तिच्या वडिलांचं आमच्या बाजारात बांगड्यांचं दुकान होतं. वर्गात पहिली मी यायचे, पण हात चालायचा तिचा. कांद्याचा पापुद्रा असा सोलायची की बघत राहावं. तिला लॅबवाली व्हायचं होतं. रोज एसटीत तेच – मी लॅब टाकणार, अख्ख्या गावाचं रगात तपासणार, तुझं फुकटात.

तर, प्रॅक्टिकलचा तो दिवस. प्रत्येकीनं आपलं बोट टोचायचं, काचेवर तीन थेंब ठेवायचे. रेहानानं टच्चकन टोचलं. थेंब कसले, टपोरे टिकले! आणि मी – सुई हातात धरून घामाघूम. बेडूक बघून न घाबरणारी, डॉक्टर होणार म्हणून नातेवाइकांत मिरवणारी मी. रेहाना कापूस आणायला वळली आणि... काय सुचलं मला? मी काडीनं तिच्या प्रत्येक थेंबातला अर्धा उचलला आणि माझ्या काचेवर ठेवला. वर न टोचलेलं बोट दाबून ‘‘आई गं!’’ असं विव्हळलेसुद्धा. नाटकात घ्यायला हवं होतं मला.

बोट दुखतंय म्हणून पुढचं काम तिच्यावरच ढकललं. दोन्ही काचांवर औषध तिनं घातलं, काडीनं ढवळलंही तिनंच. दोघींचा गट बी. रेहाना खूश – ‘‘बघ, आपण सख्ख्या बहिणीच निघालो की गं!’’

इथवर गंमतच होती. इथंच थांबली असती तर मी ती चहा पिताना रंगवून सांगितली असती.

पुढच्या आठवड्यात आनुवंशिकता सुरू झाली. आमच्या जीवशास्त्राच्या मॅडमनी सगळ्यांना आईवडिलांचे रक्तगट विचारून यायला सांगितलं. मी हुशार ना – फळ्यावर पहिली गेले. वडील ओ. आई ओ. मी बी. ठळक अक्षरात.

मॅडमचा खडू थांबला. दोघं ओ असतील तर लेकरू ओच होतं, हे त्या नुकतंच शिकवून बसल्या होत्या. मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. मग आणखी कुणीतरी. माझी आई, जी त्या वेळी घरी पापड लाटत असेल, तिच्याबद्दलचं ते खोकणं होतं. एक वाक्य पुरेसं होतं – मॅडम, मी बोट टोचलंच नाही. निघालं का ते तोंडातून?

मी म्हणाले, ‘‘मॅडम, रेहानानं एकच काडी दोन्हीकडं फिरवली असंल.’’

मॅडमचा जीव भांड्यात पडला. मला परत टोचायला लावलं – खरंच मुंगी चावल्यासारखंच झालं हो! – आणि गट आला ओ. सगळं सरळ झालं. रेहाना तेवढी सगळ्यांदेखत बोलणी खात उभी राहिली. कॉलेज गावकऱ्यांसाठी रक्तगट शिबिर घेणार होतं; त्यात तपासणीचं टेबल तिचं होतं, ते मला मिळालं. रक्ताच्या कामात धांदरटपणा चालत नाही, असं मॅडम म्हणाल्या. तिला ते पटलं. हेच वाईट झालं – तिला पटलं. एसटीत मलाच म्हणाली, ‘‘फिरवली असंल गं काडी. ध्यानच ऱ्हात न्हाय माझं.’’ आणि मी? मी मान हलवली.

लॅबचा कोर्स तिनं केला नाही. माझ्या हातचुकीनं कुणाचा जीव जायचा, म्हणाली. आता वडिलांचं दुकान तीच चालवते, झोकात चालवते. मी माहेरी गेले की माझ्या हातात बांगड्या ती भरते, एकही न पिचवता. तिच्या स्वयंपाकघरात प्रत्येक बरणीत वेगळा चमचा असतो. कुणी विचारलं तर हसून सांगते, ‘‘मी लई धांदरट हाय, इचारा हिला.’’ आणि मी हसते. दर वेळी हसते.

ती धांदरट नव्हती. काड्या तिनं दोन घेतल्या होत्या. मी शेजारी उभी राहून बघितलं होतं.