रफीकभाईंचा पासंग

एमआरआयच्या खोलीत शिरण्याआधी रफीकभाई स्वतःचे खिसे उलटे करून दाखवत, समोर कुणी नसलं तरी. किल्ल्या, घड्याळ, पट्टा, चष्म्याची डबी: चारही वस्तू टेबलावर ओळीने. मी त्या केंद्रात तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा क्रम तोच होता. मी गणिताचा मास्तर. माणूस तिथेच आवडला.

त्यांचे वडील शनिवार पेठेत तराजू दुरुस्त करत. एक पारडं हलकं भरलं, की त्याखाली शिशाचा तुकडा लावत. तो पासंग. रफीकभाई बिबवेवाडीच्या स्कॅन केंद्रात इंजिनियर होते आणि सांगत, "सर, धंदा तोच, फक्त तराजू मोठा. चुंबकाचा जोर आत सगळीकडे सारखा हवा. तो नसतो. त्यात पेशंटचं डोकं गेलं की आणखी बिघडतो. मग कुठे लोखंडाची पट्टी लावा, कुठे जरा वीज सोडा. दहा लाखांत एखाद्या भागाचा फरक चालतो."

दहा लाखांत एक! आमच्या शाळेत शंभरात पस्तीस चालतात.

मला तेव्हा वरचेवर चक्कर येई, म्हणून मेंदूचा स्कॅन. चित्रात माझं कपाळ वांग्यासारखं लांबलेलं आणि त्यामागे काळा डाग. डॉक्टर म्हणाले, "डागामागे गाठ असेल, तर ती यात दिसणारच नाही." बायकोने खुर्ची ओढून माझ्याजवळ घेतली.

रफीकभाईंनी तीनदा पासंग बदलला. डाग हलेना. मग त्यांनी पाण्याने भरलेला गोळा यंत्रात ठेवला. "गोळा गोल आला. दोष यंत्रात नाही, सर. आपल्यात आहे. केसांना काय लावता?"

"काही नाही. अर्जात 'कलप: नाही' असं स्पष्ट लिहिलंय."

"अहो, मेंदी लावता की!" बायको म्हणाली. "मी लोखंडी कढईत भिजवते. तळ खरवडून घेते, तिथलाच रंग पक्का."

"मेंदी म्हणजे कलप नव्हे," मी म्हणालो.

"आणि कढई म्हणजे चांदी नव्हे." रफीकभाईंनी माझ्या कंगव्याजवळ छोटं चुंबक नेलं. कंगव्यातले काळे कण टपाटप त्याला चिकटले. "वहिनी, पासंग तुम्हीच लावलात!"

"धुऊन निघेल?" मी विचारलं.

"भरवसा नाही. न्हावी गाठा."

चकोट करून पुन्हा आत गेलो. चित्र स्वच्छ आलं. गाठ नव्हती, चक्कर कानाच्या दोषाची निघाली. संध्याकाळी रफीकभाई स्वतः फिल्म घेऊन घरी आले. चहा ओततोय, तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काळेकाकू दारात उभ्या. जिन्यात माझं डोकं पाहून त्यांनी थेट पिठलं-भाताचा डबा आणला होता, सुतकाच्या घरी नेतात तसा.

"कोण गेलं हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"कढई, काकू," रफीकभाई गंभीरपणे म्हणाले. "आजच. भंगारात."

मला हसता हसता चक्कर आली. पिठलं-भात आम्ही चौघांनी मिळून संपवला.

मध्यंतरी रफीकभाई खरोखरच गेले. बायकोने पिठलं-भाताचा डबा भरला आणि आम्ही हडपसरला त्यांच्या घरी गेलो. भाभींनी डबा हातात घेतला, माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि रडता रडताच हसल्या.

"ते असते तर आधी विचारलं असतं," त्या म्हणाल्या, "वहिनी, शिजवलंय कशात?"