कसरीनं खाल्लेलं नाव

इंदूताई जुना कागद उघडण्याआधी पंखा बंद करायच्या. पालघरच्या मे महिन्यात! "आपण घामानं मरत नाही, हा वाऱ्यानं मरतो," म्हणायच्या. मुलांनो, या माझ्या शेजारीणबाई. मोडी, म्हणजे मराठीची जुनी, भरभर लिहायची लिपी, त्यांना सहज वाचता येई. घरोघरच्या माळ्यांवर पडलेली दप्तरं, म्हणजे जुन्या कागदांचे गठ्ठे, छापून सर्वांसाठी खुली करायची, हा त्यांचा ध्यास. त्या मोठ्यानं वाचत, मी उतरवून घेई आणि पुस्तकासाठी इंग्रजी सारांश करी.

घिवली गावच्या भाऊंनी घरचं दप्तर आणून दिलं. त्यातले वरचेच कागद तेवढे वाचून झाले होते. गावची विहीर बांधणाऱ्याचं नाव यायचं, नेमकं तिथेच कसरीनं खाल्लेलं. इंदूताईंनी उताऱ्यात तिथे टिंबं द्यायला लावली.

भाऊ भडकले. "ताई, तिथं आमच्या पणज्याचं नाव टाका. सगल्या गावाला ठाव हाय."

"गावाला ठाऊक असेल, भाऊ. कागदाला नाही."

"मग आमचं दप्तर आमाला द्या. काय छापायचं नाय."

मी हळूच म्हटलं, "इंदूताई, एका नावाचा तर प्रश्न आहे."

"ते मी पदरचं घातलं, तर बाकीचं कोणी खरं का मानावं?" त्यांनी दप्तर रुमालात बांधून भाऊंच्या हातात दिलं. "माळ्यावर नका ठेवू हो. कौलं गळतात."

तो सगळा पावसाळा त्यांना स्वस्थता नव्हती. आभाळ भरलं की मला हाक मारत, "मालूताई, घिवलीला पडत असेल का हो?" स्वतःच्या भिंतीवरची ओल बोटांनी चाचपत राहत. "नाव घालते म्हणून कळवून टाका," मी सांगे. त्या मान हलवून नको म्हणत. मलाही मग रात्री पावसाचा आवाज नकोसा होई.

नवरात्रात भाऊ आले. रुमाल छातीशी धरलेला. आतली पानं चिकटून त्यांची ढेप झाली होती.

"पाणी आलं, ताई," एवढंच बोलले.

मला वाटलं, आता इंदूताई रडतील. पण त्यांनी टीपकागद काढला. "हात धुऊन या, भाऊ. हे टोक धरा. ओढू नका, नुसतं धरा." दिवाळी त्या ढेपेवरच गेली. निम्मं सुटलं, निम्मं गेलं.

पुस्तक छपाईला गेलं तेव्हा इंदूताई राहिल्या नव्हत्या. मुद्रितं, म्हणजे छपाईचे कच्चे नमुने, तपासायला भाऊच माझ्याकडे येत. एकदा बोईसरच्या छापखान्यातून फोन आला, "मॅडम, बहुत जगह खाली छूट गयी है. कुछ डाल दूँ?"

मी भाऊंना प्रश्न सांगितला आणि फोन त्यांच्याच हातात दिला.

"नाय," ते म्हणाले. "हाय तसंच छापा."