विहिरींच्या तळाचा लाल थर

हौशीरामभाऊंनी कामशेतच्या आसपास चाळीस वर्षं विहिरी खोदल्या. कुठल्या विहिरीत किती हातांवर कोणता दगड लागला, हे त्यांना तोंडपाठ होतं. म्हणूनच भूगर्भशास्त्र शिकणारी सृष्टी लॅपटॉप घेऊन त्यांच्या ओसरीवर बसली होती. ठिकठिकाणच्या खडकांची माहिती एका वेबसाइटवर गोळा होत होती आणि ती त्यात या विहिरी भरत होती.

भाऊ सांगत गेले. काळा कातळ, मग हातभर लाल माती, मग पुन्हा कातळ. छत्तीस विहिरी भरून झाल्यावर पडद्यावर गावामागच्या डोंगराचा उभा छेद उमटला. सगळ्या लाल नोंदी एका रेषेत जुळल्या, आणि ती रेषा उताराकडे कलली होती.

"ही माती भिजली की वरचा कातळ सरकू शकतो," सृष्टी हळूच म्हणाली. "इथं वर कोण राहतं?"

"आमची धाकटी बहीण, बयाबाई. वरल्या वाडीत."

आठ दिवस पावसाला उसंत नव्हती. भाऊ तसेच भिजत वाडीवर चढले. बहिणीच्या विहिरीचं पाणी लाल झालं होतं.

"चार दिस झालं, दादा," बयाबाई म्हणाली. "आन् दार बी लागंना झालंय."

चौकटीच्या वर भिंतीला दोन बोटं फट पडली होती.

"आत्ता माज्यासंगं चल."

ती म्हशीला टाकून येईना, तेव्हा भाऊंनी दावं सोडून हातात घेतलं. मग घरं सोडा म्हणून सांगत ते दारोदार फिरले. कुणी हसलं नाही, पण कुणी उठलंही नाही. खाली ओसरीवरून सृष्टीने वडगावला तहसील कचेरीत फोन केला. तिथली माणसं सकाळी येणार होती.

भाऊ-बहीण म्हैस घेऊन उतरू लागली, तेव्हा वर अकरा घरांत चुली पेटल्या होत्या.