भजनाची खोली

गावच्या जत्रेतला तमाशा आमच्या ड्रायव्हरकाकांनी बंद पाडला होता. कतारला, दोह्यातल्या आमच्या कामगारांच्या खोलीतही त्यांचाच कायदा होता: पत्ते नाहीत, सिनेमाची गाणी नाहीत, संध्याकाळी भजन. "ढिलाई म्हणजे मरण," असं ठणकावून ते मी लिहून दिलेली व्यसनमुक्तीची पत्रकं वाटायचे.

मग वर्ल्ड कपची स्टेडियमं उभी राहू लागली आणि पोरं भजन सोडून शेजारच्या खोलीत फुटबॉल बघायला पळू लागली. त्यातच गावाहून व्हिडिओ आला. जत्रेत डीजे, आणि पुढे काकांचाच मुलगा नाचतोय.

दुसऱ्या दिवशी काकांनीच टीव्ही आणला. मी भडकलो. "काका, ही ढिलाई नाही तर काय?"

"अरे, निदान पोरं खोलीत तरी बसतील."

ते टीव्हीकडे पाठ करून, टाळ मांडीवर ठेवून बसत. आरडाओरडा झाला की विचारत, "कोणी मारला रे गोल?" त्या गलक्यात ते कुणाला ऐकूच जायचं नाही.