रुमालातली बोरमाळ

दुधानं तोंड भाजलेली माणसं ताक फुंकून पितात. माझं कधी भाजलं नाही, तरी मी फुंकतेच. भाजीवाल्याचा काटा आधी रिकामा बघते, मीटर बघायला आलेल्याला ओळखपत्र मागते. घरात मला संशयी म्हणतात आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. माझी आई, आमची अव्वा, नेमकी उलटी. दारावर आलेल्याला ती आधी पाणी देते, मग विचारते, कोण रे तू?

गेल्या वर्षी आम्ही दोघी नात्यातल्या एका बारशाला निघालो होतो. अव्वानं बोरमाळ घातली होती. तिच्या आईची तेवढी एकच वस्तू तिच्याकडे आहे. बंद गिरणीच्या कोपऱ्यावर रिक्षा सोडली आणि भिंतीकडेनं चालू लागलो, तेवढ्यात मोटारसायकलवरचा एक माणूस आडवा आला. साधा शर्ट, खाकी पँट, बारीक कापलेले केस.

"मावशी, पोलीस हाय मी. पुढं आत्ताच एका बाईला लुटलंय. दागिने काढा, रुमालात बांधून देतो."

पोलीस म्हटल्यावर अव्वाचा पदर डोक्यावर गेला आणि हात गळ्याकडे. मी थांब म्हणेपर्यंत बोरमाळ त्याच्या रुमालात पडली होती. आमच्या बचत गटात एक वकीलबाई सांगून गेल्या होत्या: पोलीस साध्या कपड्यात असेल तर ओळखपत्र मागा, बाईची झडती बाईच घेते, वस्तू ताब्यात घेतली तर पावती मागा. सगळं पाठ होतं. पण त्याचा आवाज इतका हुकमी, की त्यातलं काहीच मी मागितलं नाही. खराच पोलीस असला तर?

"ती चांदीची डबी पण टाका की," तो म्हणाला.

आम्ही लिंगायत; गळ्यातल्या त्या डबीत अव्वाचं इष्टलिंग असतं. ते मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही, हे सोलापुरात शेंबडं पोरही सांगेल. अव्वानं डबी मुठीत धरली. "तेगियंगिल्ल," ती कानडीत पुटपुटली आणि मग त्याला म्हणाली, "लिंग न्हाय काडत आमी, साहेब."

"देवच हाय ना? रुमालात काय होतंय त्याला?"

या वाक्यानं माझी भीती गेली आणि राग आला. इथल्या ठाण्यात महिनाभर नोकरी केलेला पोलीससुद्धा असं बोलणार नाही. मी रुमालाचं टोक पकडलं.

"ओळखपत्र माझ्या हातात द्या. नाहीतर एकशेबाराला फोन लावते."

"मला कायदा शिकवता? दोघींना आत टाकीन."

"चला की ठाण्यात. बोरमाळेची पावती तिथंच द्या."

अव्वा माझ्यावरच चिडली. "साहेबाला असं बोलतेत व्हय गं?" पण तोवर त्यानं रुमाल सोडला होता आणि गाडीला किक मारली होती. मी रस्त्यातच रुमाल उलगडून बघितला. बोरमाळ होती. अव्वा तिथंच भिंतीला टेकून खाली बसली.

बारसं राहिलं, आम्ही ठाण्यात गेलो. वर्दीतल्या हवालदारानं सगळं नीट ऐकून घेतलं. "मावशी, बोरमाळ दाखवा, वर्णन लिहून घेतो."

अव्वानं रुमाल छातीशी धरला. "आदी तुजं कार्ड दाव."

त्यानं निमूटपणे कार्ड दिलं. तिला वाचता येत नाही; तिनं ते माझ्याकडे सरकवलं. "वाच." मी मोठ्यानं वाचलं. त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला.

परवा भर उन्हात गॅसवाला आला. अव्वानं बंद दाराआडूनच त्याला कार्ड मागितलं. त्यानं ते खिडकीतून दाखवलं, तरी तिनं कडी काढली नाही. टाकी दारातच ठेव म्हणाली. पाणी विचारलं नाही.

"अव्वा, कार्ड दाखवलं की त्यानं."

"खोटं असलं तर?"

हे बोलणं माझं होतं. मी तांब्या भरून बाहेर धावले, पण त्याचा टेम्पो निघून गेला होता.