चाचांच्या फळीवरची दोन भोकं

नांदेडच्या चाचांनी मला वाचवलं, हे आधी लिहितो. ते माझ्या नात्याचे न्हाईत, गावचेही न्हाईत. जुने रेडिओ दुरुस्त करणारे म्हातारे मिस्त्री. पुढं जे लिहिणार आहे त्यात राग लई हाय, त्या रागात त्यांचे उपकार मागं पडायला नकोत.

मी नववीत शाळा सोडली आणि हदगावच्या पलीकडल्या गावातून लातूरला आलो. डीजे-साउंडच्या दुकानात सात वर्षं फाटलेले स्पीकर चिकटवतोय. मागल्या वर्षी शिकवणीच्या क्लासचे एक सर वॉल्वचा जुना अॅम्प्लिफायर घेऊन आले. आत काचेच्या नळ्या पेटतात, ताकद जेमतेम पाच वॉट, पण आवाज गोड. त्याला खोका नसलेले स्पीकर हवे होते. नुसती उभी फळी, तिला भोक, भोकात स्पीकर, मागून सगळं उघडं.

मी शेठला म्हणालो, "शेठ, ह्याला हलक्या कागदाचा स्पीकर लागंल. थोड्या ताकदीत बोलणारा."

"गोडाऊनात गाडीचे वूफर पडून हायेत, ते लाव. नववीवाल्यानं मला शिकवू नये."

मी लावले. गाडीच्या वूफरचा कोन, म्हणजे पुढचा हलणारा पडदा, जड, तो बंद डब्यासाठी केलेला. पाच वॉटला हलत न्हाई आणि उघड्या फळीवर त्याला आधार न्हाई. हे मला ठाऊक होतं. तरी गप्प बसलो. शेठच्या बोलण्यापेक्षा माझ्या गप्प बसण्याचा राग आजही जास्त येतो.

सरांनी दोन मिनिटं ऐकलं. "रजईत तोंड घालून कोणी बोलतंय का?"

शेठनं माझ्याकडं बोट केलं. "ह्यानं फळी चुकीची कापली, सर."

"मग शिकलेला माणूस ठेवा ना," सर म्हणाले आणि मशीन ठेवून गेले.

डोकं भणभणत होतं. आमच्या धंद्यात अॅम्प्लिफायरवर शंका आली की आधी स्पीकरच्या तारा सोडायच्या, मग आवाज वाढवून तपासायचं. म्हणजे महागाचा स्पीकर जळत न्हाई. हात त्या सवयीनंच चालला. पण नळ्यांच्या मशीनचं उलटं असतं. स्पीकरचं ओझं काढून आवाज वाढवला की तिचा ट्रान्सफॉर्मर जळतो. वार्निशचा कडवट वास आला तेव्हा कळलं.

शेठ म्हणाला, "हे नीट करून आण, न्हाईतर गावाकडं जाऊन सोयाबीन काढ."

गावाकडं कसं जाणार? भाऊ म्हणाला असता, शाळेसारखंच ह्येबी सोडून आला.

नळ्यांची मशीन नांदेडचे एक चाचा दुरुस्त करतात, असं धंद्यात ऐकलं होतं. मशीन मांडीवर घेऊन एसटीत बसलो. लोहा गेलं, नांदेड आलं. स्टँडवर हदगावची गाडी उभी होती. तिच्याकडं पाठ करून विचारत विचारत चाचांच्या दुकानात पोचलो.

चाचांनी झाकण उघडून वास घेतला. "क्या रे, मशीन का गला घोटके लाया?"

मी सगळं सांगितलं. वूफरचं ऐकून ते माझ्यापेक्षा जास्त तापले. "पांच वाट की बकरी है, उसकू ट्रक को जोत्या. तेरे को मालूम था ना? फिर मुंह कायको बंद रख्या?"

मी झाकणाचे स्क्रू गोळा करू लागलो.

दोन दिवस त्यांनी ट्रान्सफॉर्मर नव्यानं गुंडाळला. मी शेजारी बसून तारेचे वेढे मोजले. मधे कोणी बोलला की चाचा त्याला हाकलायचे. मशीन बोललं. मग उठून त्यांनी भिंतीला टेकलेली स्वतःची फळी ओढली. दुपारच्या नमाजानंतर चहा घेत ते तिच्यावर रेडिओ ऐकायचे. तिच्यातले हलक्या कागदाचे दोन्ही स्पीकर त्यांनी काढले आणि माझ्या पिशवीत टाकले.

"चाचा, मग तुम्ही काय ऐकणार?"

"तेरी नौकरी गई तो मेरे को मीठा कायको लगेगा? चल, गाडी छूटेगी."

लातूरला नव्या फळ्या कापल्या, आधीपेक्षा रुंद, म्हणजे खालचा, जाड आवाज विरत न्हाई. सर आले, बसले, बराच वेळ उठले न्हाईत.

शेठ हसत म्हणाला, "खास कंपनीकडून मागवले, सर."

ह्या खेपेला मी गप्प बसलो न्हाई. "कंपनीचे न्हाईत. नांदेडच्या एका चाचांनी सोताच्या फळीचे काढून दिले. ट्रान्सफॉर्मर माझ्या हातनं जळला, तोबी त्यांनीच नीट केला. आन् आधीचे वूफर शेठनं लावायला लावले."

सरांनी शेठकडं पाहिलं, मग माझ्याकडं. 'शिकलेला माणूस' हे शब्द त्यांनी परत घेतले न्हाईत. पण पुढं त्यांच्या ओळखीचे तिघं फळ्या करून घ्यायला आले आणि मलाच विचारत आले, म्हणून शेठनं मला कामावरून काढलं न्हाई. चूक झाली असं तोही म्हणाला न्हाई. रोज त्याचं तोंड बघून काम करतो, दात आवळून.

चाचांची फळी तशीच भिंतीला टेकलेली असंल, दोन भोकं उघडी. दर रविवारी मी भंगारात तसल्याच स्पीकरची जोडी शोधतो. एक मिळालाय, कोन फाटलेला, तो चिकटवून ठेवलाय. दुसरा मिळाला की नांदेडची एसटी धरीन, आणि चाचांची ती दोन भोकं माझ्या हातानं भरीन.