बांधावरचा धोंडा

मी मुंबईला निघालो त्या सकाळी एसटी चुकायची वेळ आली, तरी माझ्या वडिलांनी, आबांनी, मला आधी शेतावर नेलं. बांधाच्या टोकाला पुरलेल्या धोंड्यावर माझा हात ठेवला आणि म्हणाले, "ह्यो धोंडो हललो, तर आपण हललो." मागून आई ओरडत होती, "अवो, पोराची गाडी जायत!"

वाडीतल्यांनो, तुम्हाला हे ठाऊक आहे, पण मुंबईत वाढलेल्या तुमच्या पोरांना सांगा. खोताची जादा जमीन सरकारने आम्हा भूमिहीनांना वाटली, घरटी एक तुकडा. अट अशी की स्वतः कसायची, पडीक ठेवली तर परत जाणार. गावाने आम्हाला नाव ठेवलं 'सरकारी वाडीवाले'. गावात मान नाही तो नाहीच, मग आमची माणसं आपसातच बांधावरून डोकी फोडू लागली. आमच्या धोंड्यापलीकडचा तुकडा दत्तूच्या वडिलांचा. दोन्ही म्हातारे मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत.

आणि वैताग बघा! गिरण्या बंद पडलेल्या, म्हणून मरोळच्या एका कारखान्यात चिकटलो, तर शेजारच्या मशीनवर दत्तू. पुढे खोलीही एकच, स्टोव्हही एकच. लावणीला वाडीत गेलो की मात्र एकमेकांकडे पाठ फिरवायची.

म्हातारे गेले आणि सुपरवायझरने साफ सांगितलं, यापुढे लावणीला एकालाच रजा. मग आम्ही ठरवलं, एका वर्षी दत्तूने जायचं, एका वर्षी मी, आणि जाईल त्याने दोन्ही तुकडे लावायचे. किती शहाणे आम्ही! आधी दत्तू गेला. मी इथे ओव्हरटाइम मारत होतो आणि डोक्यात एकच किडा वळवळत होता, दत्तू धोंडा सरकवणार तर नाही ना? स्वतःचीच चीड यायची, पण किडा काही जाईना.

दत्तू दोन्ही शेतं लावून परत आला. त्याने पिशवी खाली ठेवण्याआधीच मी विचारलं, "धोंडो?"

"आसा थंयच आसा," म्हणत तो खो खो हसला. "मेल्या, हुबेहूब तुझो बापूस बोललो!"

घर कुठलं, असं कोणी विचारलं की मी मरोळ सांगतो. उगाच वाडीचा इतिहास कोण सांगत बसणार? पुढच्या लावणीला मी निघालो, तेव्हा दत्तू रिक्षापर्यंत आला. रिक्षा सुरू झाली तसा आत डोकं घालून म्हणाला, "धोंड्याक हात लावू नको हां!"

मी त्याला एक शिवी हासडली. पण मुंबईला आल्यापासून पहिल्यांदाच, आपण घरी चाललोय असं वाटलं.